इनाम घेतलेली पोर

विजयमालाला कलकत्त्याचं वेड लागलं ते मेजर घोरपड्यांच्या मेजरीणबाईंमुळं. बाई एकदा चहा पिता पिता बोलून गेल्या, की तिथलं गोल्फचं मैदान इतकं हिरवं आणि सपाट आहे, की चेंडू पडला तरी आवाज येत नाही. मधे तळी आहेत, तळ्यांत कमळं आहेत, आणि देशातल्या खेळणाऱ्या बायका दर हिवाळ्यात तिथं जमतात. एवढं सांगून बाई विसरल्या. मोठ्या घरच्या बायकांचं असंच असतं. लोकांच्या पोरींच्या डोक्यात बी टाकतात आणि आपण पत्ते खेळायला निघून जातात. पोरगी मात्र विसरली नाही. त्या दिवसापासून तिला कुणी विचारलं, काय गं, कसला विचार करतीस, की ती म्हणायची, कसला न्हाई. आणि विचार कलकत्त्याचा असायचा.

तिचा बाप जोतीराम सुभेदार. पासष्टच्या लढाईत पायाला गोळी लागली, मग पलटणीनं त्याला पुण्यात साहेबांच्या गोल्फ मैदानाची देखरेख दिली. पाणी सोडायचं, गवत कापून घ्यायचं, खळगे नीट ठेवायचे. पोरगी बापामागं फिरायची, झुडपात गेलेले चेंडू वेचायची. चेंडू वेचता वेचता एक दिवस बाभळीची फांदी मोडून साहेबासारखी उगारली, ती मेजर घोरपड्यांनी बघितली. हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. आपली जुनी गोल्फची काठी कापून तिच्या मापाची करून दिली. पुढं ती मुलामुलींच्या ज्युनियर स्पर्धेत उतरली आणि दोन वर्षं लागोपाठ मुलींचा कप घेऊन आली. मोटारीतून आलेल्या पोरी कपाकडं बघायच्या आणि मग हिच्या चपलांकडं बघायच्या. हिनं चपला काढून ठेवल्या आणि अनवाणी खेळली. मग बघा काय बघायचं ते.

सुभेदाराची नोकरी संपली, तेव्हा सगळं बिऱ्हाड वडूजच्या पलीकडं आपल्या गावी आलं. आणि लगोलग बहात्तरचा दुष्काळ पडला. जिथं माणसाला प्यायला पाणी नाही, तिथं गोल्फचं गवत कुठून आणता? पण पोरगी हट्टी. उघड्या माळावर, दगडगोट्यांतून, चेंडू मारत राहिली. कठीण जमिनीवर चेंडू खालून काढायला जमत नाही, काठी दगडावर आपटून हाताला मुंग्या येतात. तिनं मग चेंडू नेमका टिपायचा कसा ते शिकून घेतलं. मातीला काठी लागायच्या आधी चेंडू निघून गेलेला असायचा.

पाऊसपाणी झालं, तशी बिराप्पा धनगराची मेंढरं माळावर आली. त्यांनी गवत असं कातरलं, की सुभेदार वाकून हात फिरवून बघायला लागला. विजयमाला रोज सकाळी मेंढरांच्या मागोमाग जायची.

"ताई, काल तुमचा चेंडू माज्या बकऱ्याच्या कानाजवळनं गेला," बिराप्पा म्हणायचा.

"लागला तर न्हाई न्हवं?"

"लागला न्हाई. पन तवापास्नं काठी बगितली की त्ये बकरू खाली बसतंय. घरात बायकोनं लाटणं उचललं तरी बसतंय."

गावातली माणसं बांधावर उभी राहून बघायची. म्हणायची, सुभेदाराच्या पोरीनं काय हरवलंय रं माळावर? तिची आई चंद्राबाई तर डोक्याला हात लावून बसायची. "एकोणीस सरलं हिला. बगायला आल्याली मान्सं इच्यारत्यात, पोरीला काय येतं? काय सांगू? भाकरी जाड करती आन् चेंडू लांब मारती?"

"त्येच सांगायचं," सुभेदार म्हणायचा. "खोटं कशाला सांगायचं?"

मेजर घोरपडे आता साताऱ्यात राहायला आले होते. महिन्यातून एकदा ते आपल्या जीपमधून तिला पुण्याला खेळायला न्यायचे. चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर पुण्यात बायकांची स्पर्धा झाली. विजयमालाचा दुसरा नंबर आला. आणि कमिटीनं सांगितलं, की जानेवारीत कलकत्त्याला जायच्या बायकांत हिचं नाव आहे. सुभेदारानं त्या दिवशी गावात पेढे वाटले. विजयमालानं पेढा खाल्लाच नाही. हातात धरून बसली, तो विरघळला.

जायच्या आधी आजोळच्या देवाला जाऊन ये, असं आईनं सांगितलं. आजोळ शिराळ्याच्या खाली, वारणेच्या काठाला. तिथं सगळा उसाचा मुलूख, पाटाचं पाणी. आज्जी हरणाबाई. नवरा तरणाताठा गेला, तरी तिनं एकटीनं ऊस पिकवला, गुऱ्हाळ चालवलं, आणि भाऊबंदांना बांधाची हातभर माती सरकवू दिली नाही. तिच्या तोंडाला सगळा गाव भ्यायचा, आणि भ्यायलाच पाहिजे होता.

कार्तिकातली जत्रा होती. जोतिबाच्या देवळापुढं कुस्त्यांचं मैदान भरलं होतं. लाल मातीत बाईनं पाय ठेवायचा नाही, ही तिथली रीत. म्हणून बायका कडेला बैलगाड्या सोडून, गाडीत बसून कुस्त्या बघायच्या. हरणाबाईची गाडी बांधावर, सगळ्यांत उंच. शेजारच्या गाडीत तिची जाऊ राहीबाई. या दोघींचं कधी जमलं नाही, ते त्या दिवशीच कसं जमणार?

"नात आली व्हय?" राहीबाई म्हणाली. "गोट्या खेळती म्हणं लांब लांब जाऊन."

"गोट्या?" हरणाबाईनं मान वळवली. "तुज्या नातवाला तर गोट्यापन येत न्हाईत. विजे, आनलीस न्हवं काठी? ऊठ."

"आज्जे, हितं? एवढी मान्सं हाईत."

"मान्सं हाईत म्हणूनच."

विजयमालानं काठ्या आणल्या होत्या, कारण त्यांच्याशिवाय ती कुठं जायचीच नाही. ती गाडीतून उतरून बांधावर उभी राहिली. समोर सगळं मैदान, त्यात माणसांचा महापूर, आणि पलीकडं देवळापुढची दीपमाळ. मेजरसाहेबांनी बघितलं असतं तर त्यांना घेरीच आली असती. माणसांच्या डोक्यावरनं चेंडू मारायचा नाही, हा खेळातला पहिला धडा. पण खाली हलगीवाला थांबला होता, पैलवान मातीत उभे राहून वर बघत होते, आणि राहीबाई पदरात हसत होती.

"ऊस पाड गं एकादा!" खालून कुणीतरी ओरडलं.

तिनं चेंडू ठेवला. दोन पावलांत अंतर जमवलं आणि मारला. चेंडू वर गेला तशा सगळ्या मैदानाच्या माना वर झाल्या. लाल मातीवर तिला पाय ठेवायचा नव्हता, पण तिचा चेंडू ती सगळी माती ओलांडून गेला आणि दीपमाळेच्या पायथ्याला जाऊन पडला.  मग हलगी अशी कडाडली, की बैल बुजले.

हरणाबाई गाडीत उभी राहिली. "नानासो! कर्ण्यावर पुकार. हरणाबाईचं इनाम!"

नानासो म्हणजे जत्रेचा पंच. इनामं तोच पुकारायचा. त्यानं तोंडावरचा कर्णा काढला. "मावशी, पोरीला इनाम द्याची रीत न्हाई."

"पोरीनं असला चेंडू माराची तरी रीत हुती व्हय? पुकार म्हनते न्हवं!"

नानासोनं पुकारलं. हरणाबाईनं कनवटीचं सोडून जेवढं होतं तेवढं काढून नातीच्या ओंजळीत घातलं. ते बघून आणखी चार हात पुढं आले. एका म्हाताऱ्या पैलवानानं स्वतःच्या डोक्याचा फेटा काढून तिच्या डोक्याला बांधला. विजयमालानं नोटा कपाळाला लावल्या, जशा पैलवान लावतात. मैदानातलं इनाम कपाळाला लावून घ्यायचं असतं. नको म्हणणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं. पुण्यात तिला कप मिळाला होता तेव्हा बोटांच्या टोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि टाळ्या संपायच्या आधीच लोक जेवायला वळले होते. इथं माणसं तिचं नाव घेऊन ओरडत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते फेट्याच्या शेमल्यानं पुसताना सांगलीच्या एका पेपरवाल्यानं तिचा फोटो काढला.

फोटो छापून आला. खाली इनामाची हकिगतही आली. आणि पंधरवडा उलटतोय तोच मेजर घोरपडे जीप घेऊन सुभेदाराच्या घरी आले. चहा पुढं केला तो त्यांनी घेतला नाही.

"सुभेदार, घोटाळा झालाय. कुणीतरी पेपर कमिटीकडं पाठवला. खेळून पैसे घेतले की माणूस प्रोफेशनल होतं. कलकत्त्याची स्पर्धा हौशी बायकांची आहे. त्यात हिला आता घेणार नाहीत."

"आवं सायेब, त्ये पैसं कुठं? त्ये इनाम," सुभेदार म्हणाला.

"कमिटीला तो फरक कळत नाही."

विजयमाला दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं विचारलं, "साहेब, मग प्रोफेशनल बायकांची स्पर्धा कुठं असते?"

मेजर म्हणाले, "आपल्या देशात? कुठंच नाही, बाळ."

म्हणजे बघा. एका घरातनं बाहेर काढलं, आणि दुसरं घर अजून बांधलेलंच नाही.

पण एक वाट होती, ती मेजरांनी धडपड करून काढली होती. चारचौघांत घेतलेलं इनाम चारचौघांत परत करायचं, चुकून घेतलं असं सांगायचं, आणि ते त्याच पेपरात छापून आणायचं. मग कमिटी मागचं विसरायला तयार होती.

तिघं जीपमधून वारणेकाठी गेले. हरणाबाई गुऱ्हाळावर होती. कढईत रस उकळत होता, आणि ती खाटेवर बसून गुळव्याला शिव्या घालत होती. मेजरांनी सगळं नीट समजावून सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हेच नवल.

"तुमच्यात जिकल्याल्याला काय देता, सायेब?"

"कप देतो."

"कशाचा?"

"चांदीचा. म्हणजे, चांदीचं पाणी दिलेला."

"मंग चांदी चालती, नोटा चालत न्हाईत?"

मेजर हसले, पण मनापासून नाही. "नियम जुना आहे, आजीबाई. इंग्रजांच्या वेळचा."

"कोन खेळतं थितं?"

"चांगल्या घरच्या बायका असतात."

"त्यास्नी पैसं नगोच असत्याल. प्वाट भरल्याल्या मान्सानं उपास केला की त्येला पुन्य म्हणत्यात. आन् माज्या नातीनं चार मान्सांतलं इनाम घेतलं, तर ती काय तमासगिरीण झाली व्हय?"

"तसं कुणी म्हणत नाही."

"म्हणत न्हाईसा. पन दाराबाहीर हुबं करताईसा."

सुभेदार सासूला आवरायला मधे पडला. "आत्ती, त्यास्नी कशाला बोलता? त्यांनीच तर एवढं केलंय."

"तू गप बस रं जोतीराम. पायात गोळी लागली का जिभंला, मला कळंना झालंय." मग ती नातीकडं वळली. "विजे, हिकडं बग. तुला जायाचंय?"

"व्हय."

"लय?"

 विजयमालानं मान हलवली. गुऱ्हाळाच्या धुरानं डोळे चुरचुरतात, तसे तिचे डोळे झाले होते. हरणाबाईनं तिच्याकडं बराच वेळ बघितलं. बाईला उसाचं पेर बघून रस कळायचा, तिला नातीचं तोंड कळणार नाही?

"नानासोला निरोप धाडा," ती म्हणाली. "बाजारादिवशी मैदानात येतो म्हणावं. दिल्यालं परत घेते. जलमात घेटलं न्हाई कुनाकडनं, आता घेते."

बाजारादिवशी मैदानात जत्रेएवढी नाही तरी पुष्कळ माणसं जमली. बातमी पसरायला वेळ लागत नाही, आणि राहीबाई असल्यावर तर अजिबातच नाही. पेपरवाला आला होता. मेजर एका कडेला उभे होते. हरणाबाईची गाडी त्याच बांधावर येऊन थांबली. म्हातारी खाली उतरली. सगळं इनाम तिनंच गावाच्या वतीनं परत घ्यायचं, असं ठरलं होतं. विजयमालाच्या हातात नोटांचा रुमाल होता, आणि तोच फेटा घडी घालून वर ठेवलेला.

नानासो हळू आवाजात म्हणाला, "पोरी, चुकून घेतलं म्हण, आन् दे. मोकळं व्हऊ."

हरणाबाईनं पदर पुढं धरला.

आता हे समजून घ्या. पदर पसरणं म्हणजे भीक मागणं. दुष्काळात लोकांनी पसरला, आजारी पोरासाठी देवापुढं पसरला, पण हरणाबाईनं सावकारापुढं नाही, भाऊबंदापुढं नाही, नवऱ्याच्या मढ्यापुढंसुद्धा कुणाकडं पसरला नव्हता. नोटा घ्यायला तिला दुसरी रीतच सुचली नाही. ती नातीपुढं पदर पसरून, मान ताठ ठेवून उभी राहिली. तिची हनुवटी तेवढी हलत होती.

विजयमालाला कलकत्ता दिसत होता. खोटं कशाला सांगा? तळी, कमळं, आवाज न करता पडणारे चेंडू, सगळं तिला तिथं, त्या फुफाट्यात, दिसत होतं. एक वाक्य बोललं की ते तिचं होतं.

"चुकून," ती म्हणाली, आणि थांबली.

"म्हण की," नानासो म्हणाला.

"चुकून न्हाई घेतलं."

पेपरवाल्यानं मान वर केली.

"चुकून न्हाई घेतलं," ती परत म्हणाली, आता मोठ्यानं. "चेंडू दीपमाळंला गेला म्हणून घेतलं. माज्या हातानं मारला म्हणून घेतलं." तिनं फेटा काखेत मारला, रुमाल आपल्या कनवटीला खोचला आणि आज्जीचा पदर धरून खाली केला.

"येडी का खुळी तू?" हरणाबाई कडाडली. "मी हितं गावापुढं नाक घासाया आले, आन् तू? कलकत्ता गेलं की गं तुजं!"

"जाऊ दे."

"जाऊ दे म्हणती! सांगा गं हिला कुनीतरी!"

 मेजर गुपचूप जीपकडं गेले. हरणाबाई गाडीत चढली आणि घरापर्यंत नातीशी एक शब्द बोलली नाही. घरी गेल्यावर मात्र ताटात तुपाची धार सोडली, ती थांबेचना.

लोक म्हणाले, पोरीनं आज्जीची इज्जत राखली. लोकांना काय, गोष्ट गोड करून सांगायची सवय असते. विजयमालाला स्वतःला कधी कळलं नाही, की ती पदर बघून थांबली का 'चुकून' हा शब्द तिच्या घशाखाली उतरला नाही म्हणून थांबली. जानेवारी आला. कलकत्त्यात स्पर्धा सुरू झाली त्या सकाळी ती माळावर गेली नाही. बिराप्पा विचारायला घरी आला, तर ती चुलीपुढं भाकऱ्या थापत होती, आणि त्या दिवशीच्या भाकऱ्या पातळ झाल्या.

मग तिनं प्रोफेशनल व्हायचं तर नीटच व्हायचं ठरवलं. मेजरांनी शब्द टाकला आणि घाटमाथ्यावरच्या एका क्लबात तिला बायकापोरांना शिकवायचं काम मिळालं. पगार ती सगळ्यांदेखत मोजून घ्यायची. पुरुष प्रोफेशनलांची स्पर्धा असायची, तिथं तिनं दोनदा विचारलं, मला खेळू द्याल का. दोन्ही वेळेला पुढच्या वर्षी बघू म्हणाले. तिच्या बरोबरीची दुसरी बाईच नव्हती. संध्याकाळी शिकणाऱ्या बायका घरी गेल्या, की ती एकटी दोन चेंडू घेऊन निघायची. एक आपला, एक जिच्याशी खेळायचं तिचा. ती दुसरी कोण होती, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. पण हरायची नेहमी ती दुसरीच.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर तिच्या हाताखालची एक पोरगी, पुण्याच्या एका डॉक्टरांची, कलकत्त्याला निवडली गेली. घाबरून तापानं फणफणली. म्हणाली, ताई, तुम्ही आलात तरच जाईन. मग विजयमाला गेली. दोन रात्रींचा प्रवास करून ती जिथं जायला निघाली होती तिथं पोहोचली, चार वर्षं उशिरा.

मेजरीणबाईंनी खोटं सांगितलं नव्हतं. तळी होती. कमळं होती. सकाळच्या धुक्यात गवत ओलं आणि दाट, आणि मैदानाभोवती लावलेल्या दोरीच्या आतल्या बाजूला रंगीत छत्र्या घेऊन उभ्या असलेल्या बायका. दोरीच्या बाहेर विजयमाला. कमिटीतल्या एका बाईनं तिचे हात बघितले. खेळणाऱ्याचे हात लपत नाहीत. तिनं हिंदीत विचारलं, आप नहीं खेल रहीं?

"मैं पैसा लेती हूँ," विजयमाला म्हणाली. ताठ मानेनं म्हणाली, जसं हरणाबाईच्या नातीनं म्हणायला पाहिजे तसं. बाई काहीतरी गोड पुटपुटली आणि सरकली.

पोरीचं नाव पुकारलं. ती पुढं गेली, चेंडू ठेवला, आणि एकदा वळून ताईकडं बघितलं. विजयमालानं डोळ्यांनीच सांगितलं, घाई नको.

पोरीनं काठी मागं घेतली. दोरीबाहेर विजयमालाचे खांदे तिच्याबरोबर वळले. कंबर वळली, टाच उचलली गेली, आणि पोरीनं मारला तेव्हा विजयमालाचे दोन्ही हात खालून वर, डाव्या खांद्यापलीकडं गेले. चेंडू उंच गेला. सगळ्यांनी माना वर करून त्याच्याकडं बघितलं. तो लांब जाऊन त्या हिरव्यात पडला, आणि खरोखरच आवाज आला नाही. टाळ्या वाजल्या. पोरगी हसत चालायला लागली, छत्र्या तिच्या मागोमाग हलल्या.

विजयमाला तिथंच उभी होती. तिचे रिकामे हात अजून खांद्यापलीकडं तसेच धरलेले होते.